काठावरचा कॅप्टन

छापखान्यात, घरात, मित्रांत, सगळीकडे त्याला कॅप्टन म्हणत. त्यानं आयुष्यात कधी बोट चालवली नव्हती की कुठल्या संघाचं नेतृत्व केलं नव्हतं. शाळेत वर्गप्रमुखाच्या निवडणुकीत त्याला दोन मतं पडली होती आणि त्यातलं एक त्याचं स्वतःचं होतं. तरीही कॅप्टन. कारण चोवीस वर्षांपूर्वी त्यानं आपल्या जिवलग मित्राला धरणाच्या पाण्यात बुडताना वाचवलं होतं, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं.

खरं काय घडलं ते फक्त दोघांना ठाऊक होतं. बुडत होता तो कॅप्टन. आणि त्याची मानगूट धरून त्याला काठावर आणलं होतं ते त्या मित्रानं.

आता ही उलटापालट झाली कशी, तर मित्राच्या वडिलांमुळे. धरणाकडे फिरकलास तर तंगडं मोडून हातात देईन, अशी त्यांची लेकाला ताकीद होती. दोघं ओलेचिंब होऊन घरी पोहोचले तेव्हा वडील दारातच उभे होते आणि त्यांच्या हातात चप्पल होती. अशा वेळी मित्राचं डोकं फार भरभर चालायचं. तो एका दमात म्हणाला, "बाबा, मी बुडत होतो, यानं मला वाचवलं." मरणाच्या दारातून परत आलेल्या पोराला कोणता बाप चपलेनं मारेल? चप्पल खाली गेली आणि चहा आला. थाप एका संध्याकाळपुरती होती. पण वडिलांच्या मागे मित्राची धाकटी बहीण टॉवेल घेऊन उभी होती. तिनं तो भावाला न देता या नव्या वीराला दिला. वीरानं टॉवेल घेतला आणि तोंड मिटून डोकं पुसलं.

बस, एवढंच. तेवढ्या एका मिटलेल्या तोंडावर त्याचा सगळा संसार उभा राहिला. दोन वर्षांनी तीच बहीण त्याची बायको झाली. एरवी सासऱ्यांनी या बिननोकरीच्या पोराला उंबरठ्यावर उभं केलं नसतं. पण ज्याच्या हातात मुलगा सुखरूप राहिला त्याच्या हातात मुलगी द्यायला हरकत नाही, असं त्यांनी चार लोकांत सांगितलं. मुलीच्या मागोमाग छापखान्याच्या किल्ल्याही आल्या.

मित्राच्या वाट्याला काय आलं? नाव आलं. मित्रांनी त्याचं बारसं केलं 'गटांगळी', आणि लाडानं त्याचा झाला गट्या. त्याच्या वडिलांनीही आपलं मत बनवून टाकलं. "पोरगा मनाचा चांगला आहे, पण ऐन वेळी हातपाय गाळतो," असं ते पाहुण्यांना सांगत, गट्या समोर बसलेला असतानासुद्धा. अशा पोराच्या हाती छापखाना कसा द्यायचा? मग गट्या एका शाई बनवणाऱ्या कंपनीत फिरता विक्रेता झाला. दर दुसऱ्या गुरुवारी तो आपल्याच वडिलांच्या छापखान्यात यायचा आणि बाहेरच्या माणसांसाठी ठेवलेल्या बाकावर बसायचा. तिथं बसल्या बसल्या नुसत्या आवाजावरून तो सांगायचा की छापयंत्राच्या तिसऱ्या युनिटचा रोलर कोरडा पडलाय. कारागीर बघायला जायचे तर तो खरंच कोरडा पडलेला असायचा. आतल्या काचेच्या खोलीत बसणाऱ्या कॅप्टनला वीस वर्षांनंतरही तिसरं युनिट कुठलं हे बोटं मोजून काढावं लागे.

बाकी कॅप्टन वाईट माणूस नव्हता. तो कामगारांशी गोड बोलायचा, वेळेवर यायचा, सासऱ्यांच्या औषधांच्या वेळा त्याला पाठ होत्या. फक्त पाण्यापासून लांब राहायचा. कुठे सहलीला गेले आणि पोहण्याचा तलाव दिसला की तो काठावर खुर्ची टाकून दूर कुठेतरी बघत बसे. बायको इतरांना हळू आवाजात सांगे, "त्या प्रसंगानंतर हे पाण्यात उतरतच नाहीत." लोक आदरानं मान हलवत. आपल्याला पोहता येत नाही ही गोष्ट इतक्या भारदस्तपणे लपवणारा दुसरा माणूस शोधून सापडला नसता.

तर एका बुधवारी सकाळी चहा पिता पिता सासरे म्हणाले, "जावईबापू, सोमवारी वकील येतोय. मी आता एकोणऐंशीचा झालो. छापखाना तुमच्या नावावर करून टाकतो. मागाहून भानगड नको."

"आणि दादा?" बायकोनं विचारलं.

"तो काय करणार छापखाना घेऊन? ऐन वेळी हातपाय गाळतो तो."

बायको गप्प बसली. कॅप्टनही गप्प बसला. त्यात तो मुरलेला होता. गट्याला हे कळवावं असं कुणाच्याच मनात आलं नाही.

आणि त्याच संध्याकाळी दातवाल्याचा फोन आला.

दातवाला म्हणजे त्यांचा तिसरा मित्र, दातांचा डॉक्टर. दर दोन वर्षांनी त्याला नवं वेड लागे. सायकली झाल्या, मधमाश्या झाल्या, आता कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची निमुळती होडी. त्याचं अर्धं आयुष्य लोकांच्या तोंडात हत्यारं घालून त्यांच्याशी बोलण्यात गेलं होतं, त्यामुळे समोरचा उलटून काही बोलू शकतो ही कल्पनाच त्याला नव्हती. "शनिवार-रविवार," तो म्हणाला. "डोंगरातली नदी, फेसाळतं पाणी, एकेकाला एकेक कयाक. मी ठरवून टाकलंय. गट्या हो म्हणालाय. आणि तू बरोबर असल्यावर आम्हाला कसली भीती?"

कॅप्टननं कंबर दुखते म्हणून सांगायला तोंड उघडलं. पण बायकोनं शेजारी बसून सगळं ऐकलं होतं. "मीही येते," ती म्हणाली. "चोवीस वर्षं नुसतं ऐकतेय. एकदा तुम्हाला पाण्याजवळ बघू तर द्या." सासऱ्यांनीही दुजोरा दिला. "जा, जा. आणि त्या गट्यावर लक्ष ठेवा."

सोमवारच्या तोंडावर कॅप्टननं नदीला घाबरून माघार घेतली, असं दिसलं असतं तर? त्यानं होकार दिला. आता काहीही करून रविवार संध्याकाळपर्यंत कोरडं राहायचं, एवढंच त्याला साधायचं होतं.

नदी डोंगराच्या कुशीतून येत होती आणि तिचा आवाज गाडीच्या बंद काचांतूनही ऐकू येत होता. तिच्या कडेला पत्र्याची एक शेड होती. आत लाइफ जॅकेटं, हेल्मेटं आणि वल्ही टांगलेली, आणि सगळ्याला ओल्या रबराचा वास. ते सगळं चालवणारी मुलगी असेल सव्वीस वर्षांची. नाकाची सालं निघालेली, बोलणं मोजकं. तिच्या जवळजवळ दुप्पट वयाचा दातवाला तिला मॅडम म्हणत होता आणि गट्या ताई म्हणत होता. आपण तिला नदीवाली म्हणू.

शनिवार डोहात गेला. तिथलं पाणी संथ होतं. कॅप्टन बायकोशेजारी दगडावर बसून दूर कुठेतरी बघत होता. दातवाला दर पाच मिनिटांनी उलटा होत होता आणि वर आला की आपलं नेमकं काय चुकलं ते नदीवालीलाच समजावून सांगत होता. गट्या मात्र कयाकमध्ये बसला तो जणू घरच्या खुर्चीत बसल्यासारखा. दोनच वल्ही मारून तो डोहाच्या मध्यावर गेला, कमरेतून वळला आणि परत आला.

"तुम्ही हे आधी केलंय," नदीवाली म्हणाली.

"नाही हो ताई, पहिलीच वेळ," गट्या म्हणाला. त्यानं कॅप्टनकडे बघायचं टाळलं.

खरा खेळ रविवारी होता. डोहाच्या खाली नदी दोन मोठ्या खडकांमधून उतरत होती आणि तिथं पाणी पांढरं होऊन उसळ्या मारत होतं. तो खळाळ पार करण्यासाठीच दातवाल्यानं एवढा घाट घातला होता. पण सकाळीच नदीवालीनं सांगितलं, "खाली काठावर दोर घेऊन उभा राहणारा माझा माणूस तापानं पडलाय. तो नसेल तर आपण खळाळात उतरणार नाही. आजही डोहातच फिरू."

कॅप्टनला त्या तापकऱ्याचे पाय धरावेसे वाटले. दातवाल्याचा चेहरा मात्र पडला, आणि पडल्या पडल्या उजळला. "मॅडम, आपल्यात कोण आहे ते तुम्हाला माहीत नाही," तो म्हणाला, आणि त्यानं धरणाची गोष्ट सांगितली. त्याच्या आवृत्तीत धरणाला पूर आला होता. बायकोनं तपशील भरला, "माझ्याच भावाला काढलंय यांनी. नुसत्या हातांनी. दोरसुद्धा नव्हता."

नदीवालीनं कॅप्टनला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हणजे पोहायला चांगलं येत असेल."

"आता बरीच वर्षं झाली," कॅप्टन म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. जन्मल्यापासून शेहेचाळीस झाली होती.

आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दोर घेऊन काठावर उभं राहायचं. काठावर! म्हणजे कयाकमध्ये बसायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही, वर मान मिळणार तो वेगळा. जगात याच्याइतकी सोयीची जागा त्याला कुणी दिली नसती. त्यानं छाती पुढे काढली आणि दोराची पिशवी मागितली.

नदीवालीनं त्याला गवतावर शिकवलं. पिशवीत दोर गुंडाळून भरलेला असतो. एक टोक आपल्या हातात धरायचं आणि पिशवी बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकायची. फेकण्यासाठी समोर एक लाकडी खुंट होता. कॅप्टनची पहिली पिशवी मागे गेली. दुसरी दातवाल्याच्या हेल्मेटवर आपटली. तिसरी खुंटावर बसली, कशी ते त्याचं त्यालाही कळलं नाही. "वारा होता," तो म्हणाला. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"हातातलं टोक सोडायचं नाही," नदीवाली म्हणाली. "बाकी सगळं चुकलं तरी चालेल." ती अजून साशंकच होती. पण समोर प्रत्यक्ष वाचवलेला माणूस उभा, त्याची बहीण साक्षीला, आणि दातवाला तर एखाद्या दाढेच्या मागे लागावं तसा तिच्या मागे लागलेला. तिनं मान डोलावली. नंतर तिनं स्वतःला दिलेल्या शिव्या इथं सांगत नाही.

आता गट्याचं काय करायचं? दातवाल्यानं तेही ठरवून टाकलं होतं. "गट्या, तू खळाळात नको. तुझं आणि पाण्याचं जमत नाही. तू काठाकाठानं चालत ये, थर्मास घेऊन."

"यांना कयाकमधून का उतरवताय?" नदीवाली म्हणाली. "हेच तर तुमच्यात सगळ्यांत चांगलं चालवतात."

"मॅडम, तुम्हाला इतिहास माहीत नाही."

"दादा, ऐक ना," बहीण म्हणाली. "तुला काही झालं तर बाबांना मी काय सांगू?"

गट्या कयाकमधून बाहेर आला. अशा रीतीनं, ज्याला पोहता येत होतं त्याच्या हातात चहाचा थर्मास आला आणि ज्याला येत नव्हतं त्याच्या हातात जीव वाचवायचा दोर. शहाण्या माणसांनी एकत्र बसून, पूर्ण विचार करून केलेली ही व्यवस्था होती.

खडकांवरून खाली उतरताना गट्यानं कॅप्टनचा दंड धरला. "दोर माझ्याकडे दे. पाठ धरली म्हणून सांग."

"नाही. फक्त आजचा दिवस निभावू दे. उद्या सोमवार आहे."

"उद्या काय आहे?"

कॅप्टन पिशवी सावरत पुढे निघाला. त्याला एकदम फार उकडायला लागलं होतं.

नदीवाली आधी उतरली. खडकांमधून ती अशी सरकन खाली आली की वाटावं, यात काही विशेषच नाही. खालच्या संथ पाण्यात थांबून तिनं वल्हं उंच केलं. मग दातवाला निघाला. पहिल्या उसळीत तो हसत होता. दुसरीत हसणं थांबलं. तिसरीत कयाक तिरकी झाली, खडकाला घासली आणि उलटली. लाल कयाकचं पोट तेवढं वर दिसत होतं. मग दातवाला सुटून वर आला, आणि पाण्यानं त्याला उचलून नेमकं कॅप्टनच्या खडकाकडे आणलं. त्याचं हेल्मेट डोळ्यांवर आलं होतं आणि तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकण्यासारखं काही बोलत होता. तो म्हणत होता, "दोर, दोर, दोर."

नदीवाली खालून जीव तोडून उलट वल्ही मारत होती, पण प्रवाह तिला वर येऊ देत नव्हता. सगळं कॅप्टनवर होतं.

कॅप्टननं दोर टाकला. सगळ्या ताकदीनं, अगदी मनापासून टाकला. पिशवी टाकली, दोर टाकला आणि हातातलं टोकही टाकलं. काहीही राखून ठेवलं नाही. दोर दातवाल्याच्या डोक्यावरून गेला आणि आपल्या वाटेनं नदीतून खाली निघून गेला.

त्यामागे बघता बघता कॅप्टनचा पाय शेवाळावरून घसरला. तो खडकाखालच्या खळग्यात गेला. पाणी नाकातोंडात शिरलं, डोळ्यांपुढे अंधार आला, तो हातपाय झाडत ओरडला, पुन्हा खाली गेला. त्याला सगळं आठवलं, धरण, मानगुटीवरचा हात, सगळं. आता संपलं, असं त्याला वाटत असतानाच डोक्यावरून बायकोचा आवाज आला.

"अहो, उभे राहा. कमरेइतकंच आहे."

तो उभा राहिला. खरंच कमरेइतकं होतं.

बायको मात्र आता त्याच्याकडे बघत नव्हती. ती नदीकडे बघत होती. गट्यानं थर्मास खाली ठेवून पाण्यात उडी घेतली होती आणि तो तिरका पोहत, प्रवाहाशी न भांडता, दातवाल्याच्या मागून गेला होता. त्यानं दातवाल्याचं जॅकेट मानेपाशी पकडलं, त्याला पाठीवर वळवलं आणि एका हातानं पाणी कापत खडकाआडच्या शांत पाण्यात आणलं. सगळ्याला मिनिटसुद्धा लागलं नसेल. बहीण भावाचा तो हात बघत होती. असा हात एका दिवसात येत नाही, हे पाण्यातलं काही न कळणाऱ्यालाही कळलं असतं.

गट्या धापा टाकत वर आला. त्यानं पहिल्यांदा बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, मग कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या कॅप्टनकडे, आणि सवयीनं म्हणाला, "कॅप्टननं दोर टाकला म्हणून बरं झालं."

"दोर गेला," नदीवाली तोवर काठावर आली होती. "दोन्ही टोकांसकट गेला." तिनं कॅप्टनकडे पाहिलं ते पाहणं त्याला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं. "यांनी कुणाला वाचवलं होतं म्हणालात?"

सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. दातवालासुद्धा.

दुपारी शेडच्या मागच्या पायरीवर बायको त्याच्या शेजारी येऊन बसली. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. एका ओळीत चुकलेला एक काना तिच्या नजरेतून सुटत नसे. "धरणावर काय झालं होतं ते सांगा," ती म्हणाली. "एकदाच सांगा, आणि सगळं सांगा."

त्यानं सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. थापेपेक्षा खरं नेहमीच लहान असतं.

"मी टॉवेल दिला तेव्हा बोलायला काय झालं होतं?"

"तू बघत होतीस."

"आणि नंतरची चोवीस वर्षं?"

"तेव्हाही तू बघतच होतीस."

तिनं पायरीवरचा एक खडा उचलून नदीकडे फेकला. मग म्हणाली, "मला तुमच्या पोहण्याशी लग्न करायचं नव्हतं हो. तुम्ही 'मी बुडत होतो' म्हणत आला असतात तरी टॉवेल दिलाच असता. पण माझ्या भावाला मी चोवीस वर्षं बावळट समजले. समोर बसवून बाबांच्या बरोबरीनं हसले. ते आता कुठे नेऊन ठेवू?"

कॅप्टन ओल्या बुटांच्या नाड्या सोडत राहिला.

"उद्या बाबांना सांगा. वकिलानं पेन उघडायच्या आत."

"सांगतो," तो म्हणाला. आणि खरं सांगायचं तर, म्हणताना त्याला हलकं वाटलं. छापखाना जाणार होता, आब जाणार होता, उद्यापासून कामगार पाठीमागे हसणार होते. पण आयुष्यात एकदा तरी आपण कुणाला तरी बाहेर काढणार, या विचारानं तो परतीच्या वाटेवर चक्क शीळ घालत होता. मागच्या सीटवर बहीण भावाला सोमवारचं सांगत होती. गट्या खिडकीबाहेर बघत ऐकत होता.

सोमवारी काचेच्या खोलीत सगळे जमले. सासरे खुर्चीत, शेजारी वकील, समोर मुलगी, जावई आणि कोपऱ्यात गट्या. बाहेर यंत्र चालू होतं. वकिलानं कागद पुढे केले तेव्हा कॅप्टन उभा राहिला आणि त्यानं पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं. धरणात मी बुडत होतो, यानं मला काढलं, हा तुमच्या चपलेला घाबरून खोटं बोलला आणि मी तोंड मिटून बसलो. छापखान्यावर हक्क याचा आहे.

सासरे ऐकता ऐकता चष्मा काढून डोळे पुसायला लागले. कॅप्टनला वाटलं, झालं, म्हाताऱ्याच्या काळजाला लागलं.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "तुमचं मन मोठं आहे हे मला त्या दिवसापासून ठाऊक आहे. पण माणसानं इतकंही मोठं असू नये. मेहुण्याला वाटा मिळावा म्हणून स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेताय?"

"नाही हो बाबा, खरंच सांगतोय."

"बाबा, खरंच आहे ते," मुलगी म्हणाली. "काल मी डोळ्यांनी पाहिलं. यांना पोहता येत नाही. दादानं डॉक्टरांना काढलं."

"काल काय झालं ते काल झालं. शेहेचाळिशीत कुणाचाही पाय घसरतो. तू नवऱ्याच्या शब्दाला शब्द जोडतेयस, चांगली बायको आहेस." सासरे हळूहळू कोपऱ्याकडे वळले. "तू बोल. त्या दिवशी दारात मी होतो. तू तुझ्या तोंडानं म्हणालास, यानं मला वाचवलं. म्हणालास की नाही?"

"म्हणालो," गट्या म्हणाला.

"ते खरं होतं?"

गट्यानं कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टननं मान हलवली, बोल, बोल. गट्याच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं जे कॅप्टननं कॉलेजनंतर पाहिलं नव्हतं. तो खुर्चीच्या कडेला सरकला. "नाही बाबा. यालाच मी काढलं होतं. मला पोहता येतं. चांगलं येतं."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललास."

"हो."

"मग खोटं बोलणाऱ्याचं मी आज का ऐकू?" सासऱ्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "चोवीस वर्षं आठवलं नाही. आज वकील बसलाय, कागद झालाय, तेव्हा आठवलं. बहिणीला गाठलंस, या देवमाणसाला गाठलंस. थोडी तरी चाड ठेवायची होतीस."

"बाबा, त्याला तर कालपर्यंत कागदाचं माहीतही नव्हतं," मुलगी म्हणाली. तिचा आवाज फुटला होता.

सासऱ्यांनी पेन मागितलं आणि सही केली. एकोणऐंशीव्या वर्षीही त्यांची सही वळणदार होती. वकील इतका वेळ छताकडे बघत होता, त्यानं कागद गोळा केले आणि जावयाचं अभिनंदन केलं. खरं बोलल्यानं काय मिळतं, तर एक अख्खा छापखाना मिळतो, हे कॅप्टनला त्या दिवशी कळलं.

गट्या कधीच उठून बाहेर गेला होता. तो यंत्रापाशी उभा राहून कुठल्याशा नटबोल्टाकडे बघत होता. कॅप्टन धावतच त्याच्यामागे गेला.

"ऐक. कागदावर मी मालक आहे ना? मग मी उद्याच दुसरा कागद करतो. तुझ्या नावावर. ते काय करणार आहेत? आणि आजपासून तू आत बस. यंत्रं तुला कळतात, मला काय कळतं? मी बाहेरची कामं बघीन, तू सांगशील ते करीन. पण तू ये."

गट्या हसला. त्या हसण्यात राग नव्हता, त्यामुळे ते कॅप्टनला आणखीच लागलं.

"छापखाना मला नकोच होता रे कधी," तो म्हणाला. "बाबांनी एकदा म्हणायला हवं होतं, की पोरगा कामाचा आहे. तू म्हणून काय उपयोग?"

कॅप्टननं काचेतून आत पाहिलं. म्हातारा मुलीला काहीतरी समजावत होता आणि ती मान फिरवून बसली होती. कॅप्टन आता मालक होता. त्याला यंत्र देता येत होतं, खोली देता येत होती, खुर्ची, किल्ल्या, नाव, सगळं देता येत होतं. फक्त गट्यानं मागितलेलं तेवढं त्याच्या हातात नव्हतं. तेही देता आलं असतं, चोवीस वर्षांपूर्वी, दारात उभं असताना, एका वाक्यात.